पांढरं मीठ

"...मग काठी मला का नाही, ते तरी सांगा माई."

सगुणा दाराच्या चौकटीला हात लावून उभी होती. आत येईना, बाहेर जाईना.

धोंडाई चुलीपुढं बसून बाजरीचं पीठ मळत होती. तिनं मान वर केली नाही.

"वाट मला तोंडपाठ आहे. वारा मला कळतो. माझ्यामागं चाललेल्या एकाही माणसाचा पाय आजवर मिठात गेलेला नाही. असं दुसरं कुणी आहे का इथं?"

"नाही."

"मग?"

धोंडाईनं भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"हे तू रोज सांगतेस," ती म्हणाली. "वाट एकदाही सांगत नाही."

सगुणा तशीच पाय आपटत झिऱ्यावर पाणी भरायला गेली.

लोणसर म्हणजे वाळूच्या मुलखातलं खारं तळं. चहूबाजूंनी तांबडे उघडेबोडके डोंगर, मधे हे एवढं मोठं पाणी, आणि त्यातलं ओंजळभरही पिण्याच्या लायकीचं नाही. पण देखणं असं, की बघणारा तहान विसरतो. सकाळी पाणी गुलाबी, दुपारी पत्र्यासारखं, सांजेला तांब्याचं. पलीकडच्या काठाला रोहित पक्ष्यांचे थवे उतरले की लांबून वाटतं, कुणी लुगडी वाळत घातलीत.

लांबलांबून माणसं या तळ्याच्या फेरीला येत. कुणी नवस बोललेला, कुणी नुसता देखावा बघायला आलेला. धोंडाई दोघांत फरक करत नसे. म्हणायची, मीठ दोघांच्याही टाचा सारख्याच चिरतं.

फेरीच्या वाटा दोन. एक वरची, डोंगराच्या कडेनं, चढउताराची, छाती फोडणारी. दुसरी खालची, पाणी आटून उघड्या पडलेल्या मिठाच्या मैदानावरून, सरळ आणि सपाट. खालची वाट सोपी. आणि माणसं खायची ती हीच.

वर मिठाचा पापुद्रा, खाली काळा चिखल. पापुद्रा जाड असला तर बैलगाडी जाईल. पातळ असला तर माणूस आत, आणि वर त्याची टोपी.

म्हणून नेम होता. खालच्या वाटेला वहाणा हातात घ्यायच्या, एकामागं एक चालायचं, आणि सगळ्यांच्या पुढं काठीवाला. काठी ज्याच्या हातात, शब्द त्याचा. तो थांब म्हणाला की राजानंसुद्धा थांबायचं.

ती काठी धोंडाईला तिच्या गुरूकडून मिळालेली. बाभळीची, हाताच्या घामानं काळी पडलेली. तिच्यावर ना चांदीचं कडं, ना शेंदूर. पण फेरीला आलेली माणसं धोंडाईच्या पाया पडायच्या आधी काठीच्या पाया पडत.

मीठ ओळखायची धोंडाईची शिकवण एका ओळीची होती. मळकं मीठ माणूस पेलतं, पांढरं मीठ माणूस गिळतं.

जुनं मीठ धुळीनं, शेळ्यांच्या खुरांनी, पाखरांच्या घाणीनं मळलेलं असतं. ते दगडासारखं. पश्चिमेचा वारा सुटला, त्यानं पाणी मैदानावर चढवलं आणि वरच्या वर उन्हानं वाळवलं, की नवं मीठ धरतं. ते दुधावरच्या सायीसारखं. पांढरंशुभ्र, कोरं, कुणाचं पाऊल न पडलेलं. नव्या माणसाचा पाय आपसूक तिकडं वळतो. घाण सोडून स्वच्छ जागी पाय टाकावा असं कुणाला वाटत नाही?

सगुणाला वाटलं नाही. पहिल्या दिवशीसुद्धा नाही.

ती आली होती फेरीलाच, सासरच्या माणसांबरोबर. वाटेत दिराशी तिचं वाजलं. तो खालच्या वाटेला वहाणा काढायला तयार नव्हता, आणि ही म्हणाली, मग मी तुझ्यामागं चालायला तयार नाही. बोलण्यावरून बोलणं वाढलं. सासरची माणसं तिला तिथंच सोडून निघून गेली, म्हणाली, पोटात कावळे ओरडले की येईल मागं. ती गेली नाही. धोंडाईच्या झोपडीमागं चूल मांडली आणि राहिली.

आता तिच्या केसांत पांढरी बट आली होती. तरी मान होती तशीच. झिऱ्यावरून दोन घागरी घेऊन यायची तेव्हा लोक म्हणत, घागरी हिच्या डोक्यावर नाहीत, हिनंच आभाळ धरलंय.

कौतुकानं म्हणत नसत ते. पण ती कौतुकच समजायची.

जीभ म्हणाल तर विळ्यासारखी. एकदा धोंडाईच्या जागी ती फेरी नेत होती, तेव्हा एक पाटील आला, बरोबर नोकरचाकर, पायात करकरणारे जोडे. सगुणा म्हणाली, जोडे काढा. पाटील म्हणाला, आमचे जोडे आमचा नोकर काढतो, आणि तो मागं राहिलाय. सगुणा म्हणाली, मग तुम्हीही मागंच राहा. आणि सगळ्या फेरीला घेऊन निघून गेली. पाटील दुपारपर्यंत सौंदडीच्या झाडाखाली बसून होता. जाताना धोंडाईच्या कानावर घालून गेला, की तुमच्या चेलीला आवरा.

त्या दिवशी धोंडाई म्हणाली होती, "सगुणे, अभिमान फार वाढलाय. तो टाक. मग काठीचं बघू."

सगुणानं टाकून बघितला. खरंच बघितला. खाली मान घालून वागली, माणसांना दादा-बाबा केलं, येईल त्याला या बसा म्हणाली. दोन दिवसांत तिला ताप भरला. पुन्हा त्या भानगडीत पडली नाही.

दुसरा चेला केरोबा. अंगानं रेड्यासारखा, मनानं गाय. कधी कुणाला नाही म्हणाला नाही. धोंडाईनं ऊन आहे म्हटलं की हा डोक्यावर फडकं घ्यायचा, आणि सावली आहे म्हटलं की काढायचा. सगळ्यांचा लाडका. फेरीतल्या बायका म्हणायच्या, काठी याच्याच हातात शोभेल.

सगुणा ते ऐकायची आणि घागर जरा जोरात आदळायची.

आणि आता धोंडाईच्या डोळ्यांवर साऱ्याचा पडदा आला होता.

ती बोलून दाखवत नव्हती. पण भाकरी परतायच्या आधी तव्याची कड बोटानं चाचपायची. दारातून कोण आलं ते पायांच्या आवाजावरून ओळखायची आणि नाव अशा झोकात घ्यायची, की जणू लांबूनच बघितलंय. सगुणाच्या ते ध्यानात आलं होतं. तिनं शब्द काढला नाही. ज्याची त्याची शान ज्याला त्याला ठेवू द्यावी, एवढं तिला कळत होतं. तिला स्वतःला कुणी तसं ठेवू दिलं नव्हतं म्हणून जास्तच.

एका संध्याकाळी वारा पडला. धोंडाई दारात बसली होती.

"रोहित आलेत म्हणतात पलीकडच्या काठाला," ती म्हणाली.

सगुणा म्हणाली, आलेत.

"उद्या मला जायचंय. एकदा बघून घेते."

एकदा हा शब्द तिनं जरा दाबून म्हटला. गुडघे वरच्या वाटेला साथ देणार नाहीत हे दोघींनाही माहीत होतं.

"खालच्या वाटेनं जाऊ. पुढं तू चाल." धोंडाईनं मांडीवरची काठी कुरवाळली. "पलीकडच्या काठाला माझा पाय लागला, की ही तुझी."

सगुणाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"माझी?"

"तुझीच. आणखी कितीदा विचारणार आहेस?"

सकाळी तिघं निघाली. पुढं सगुणा, मधे धोंडाई, मागं पाण्याचा भोपळा गळ्यात अडकवून केरोबा. सगुणाच्या चालीत आज वेगळाच ठसका होता. काठी अजून धोंडाईच्याच हातात होती, पण सगुणाची मूठ अशी वळलेली, की जणू आत्ताच काही धरलंय.

झाऊची झुडपं संपली. काठ आला.

आणि सगुणा थांबली.

समोरचं मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं होतं. धुतलेल्या धोतरासारखं. सकाळचं कोवळं ऊन त्यावर पसरलेलं, मधेच कुठं मोती ठेवल्यासारखी चमक. पलीकडं लांब रोहित पक्ष्यांची लाल रेघ. एवढं सुंदर लोणसर तिनं इतक्या वर्षांत बघितलं नव्हतं.

कालपरवापर्यंत वारा पश्चिमेचा होता. तिनं डावीकडं बघितलं. उजवीकडं बघितलं. कुठं मळकी पट्टी, कुठं शेळीचा खूर, कुठं निदान कावळ्याचं पाऊल. काही नाही...

"चल की," धोंडाई म्हणाली.

"माई, मीठ पांढरं आहे."

"मळकं आहे."

सगुणा वळून बघत राहिली. धोंडाई मान ताठ करून समोर बघत होती. डोळे उघडे, त्यांवर तो राखाडी पडदा.

"मला दिसतंय," धोंडाई म्हणाली. "मळकं आहे. तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून ही वाट मी तुडवतेय."

"माई..."

"केरोबा. तू सांग. रंग कुठला?"

केरोबा पुढं आला. त्यानं मिठाकडं बघितलं. मग माईकडं बघितलं. मग हात जोडले.

"माई म्हणतात तर मळकंच असणार. मला पांढरं दिसतंय, तो माझ्या डोळ्यांचा दोष."

"ऐकलंस?" धोंडाई म्हणाली. "त्याच्यात एवढासुद्धा मीपणा नाही."

केरोबा म्हणाला, सगुणाताईला भीती वाटत असेल तर मी चालतो पुढं. तो वाईट हेतूनं म्हणाला नाही. त्यानं वाईट हेतूनं आयुष्यात काही केलं नव्हतं. त्यानं वहाणा काढून हातात घेतल्यासुद्धा.

धोंडाईनं काठी आडवी धरली. दोघांच्या मधे.

"जो पुढं चालेल त्याची."

सगुणाच्या हातापासून काठी वीतभर होती. इतक्या जवळ ती कधीच आली नव्हती. तिला वाटलं, कधीकधी पांढरं मीठही पेलतं. नाही असं नाही. मळकं आहे म्हणायचं, एवढाच एक शब्द, आणि काठी आपली. लोकही म्हणतील, बघा, शेवटी नमली, गुरूचा शब्द मोडला नाही. आजवर तिच्याबद्दल कुणी म्हटलं नव्हतं ते म्हणतील...

तिनं तोंड उघडलं. पण जीभ वळली ती आपल्याच वळणानं.

"नाही."

"गुरूची आज्ञा आहे."

"असू द्या."

"काठी केरोबाची होईल."

"होऊ द्या. उद्यापासून त्याची. आज इथनं कुणी पुढं जायचं नाही."

"काठी तुझ्या हातात नाही सगुणे," धोंडाई शांतपणे म्हणाली. "तू कोण थांबवणार?"

सगुणानं पदर कमरेला खोचला आणि वाटेवर पाय फाकून उभी राहिली. पाठीमागं ते सगळं पांढरं मैदान, पुढं तिची गुरू.

"मला ढकलून जा."

कुणी हललं नाही. लांबून पक्ष्यांचा कालवा ऐकू येत होता.

मग सगुणा जरा खालच्या आवाजात म्हणाली, की बघायचंच आहे ना, मग वरच्या वाटेनं जाऊ, केरोबा तुम्हाला पाठीवर घेईल, त्याला काय जड आहे.

ते बोलायला नको होतं.

"दुसऱ्याच्या खांद्यावरनं मढं जातं," ती म्हणाली. "मी माझ्या पायानं जाईन. मीठ कसलं आहे ते मी दाखवते तुला. हो बाजूला."

तिनं सगुणाच्या अंगाला अंग घासत एक पाऊल टाकलं, काठी दोन्ही हातांनी वर उचलली आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून समोरच्या मिठावर हाणली.

दगडावर बसावी तसा आवाज यायला हवा होता.

आला नाही. काठी लोण्यात सुरी जावी तशी गेली, आणि तिच्या मुठीपर्यंत जाऊन थांबली. धोंडाई पुढं झुकली. सगुणानं तिचा दंड धरला, केरोबानं सगुणाचा. तिघंही काठावर मागं आपटली.

पांढऱ्या मिठाला एक भोक पडलं होतं. त्यातून काळं पाणी वर येत होतं. कुजल्याचा वास सुटला.

केरोबा रडायला लागला. म्हणत होता, मी पाय टाकणार होतो, मी आता पाय टाकणार होतो.

धोंडाईनं कुणाचा हात घेतला नाही. गुडघ्यावर सरकत पुढं गेली, चाचपडत काठीचं टोक धरलं आणि ओढलं. चिखल सोडीना. तिनं पुन्हा ओढलं. सगुणा मदतीला वाकली तर तिला कोपरानं मागं सारलं. मग तिनं काठी तिरकी धरली आणि हिसका दिला.

कडकन मोडली.

अर्धी धोंडाईच्या हातात. अर्धी लोणसरच्या पोटात.

धोंडाई तिथंच बसून राहिली. तिनं तळहात पुढं करून भोकाची कड चाचपली. पापुद्रा दोन बोटांत धरून मोडला. चुरा हुंगला. मग तोंड पलीकडच्या काठाकडं वळवलं.

"आहेत का ते?"

"आहेत," सगुणा म्हणाली.

"कसे दिसतात?"

सगुणाला गोड बोलायची सवय नव्हती. तिनं थोडा विचार केला.

"पाण्याला आग लागावी तसे."

"हं," धोंडाई म्हणाली.

परत येताना कुणी पुढं नव्हतं, कुणी मागं नव्हतं. तिघं अशीच विस्कटून चालत आली.

झोपडीशी पोचल्यावर केरोबानं सगुणाला बाजूला घेतलं. म्हणाला, ताई, माफी मागून टाका. सगुणानं विचारलं, कशाची? तो म्हणाला, तुम्ही त्यांचा शब्द मोडलात. सगुणा म्हणाली, मोडला नसता तर आता तुझ्या वहाणा हातात घेऊन मी बसले असते. तो म्हणाला, तरी पण गुरू आहेत त्या. त्यांना आज जायचं होतं, आणि परत कधी जाता येईल काय ठाऊक.

हे मात्र तिला लागलं.

"पाय धरीन," ती म्हणाली. "हवे तितक्या वेळा धरीन. माफी नाही."

तिनं आपलं एक लुगडं, एक घोंगडी आणि पितळेचा तांब्या गाठोड्यात बांधला. गाठोडं शेजारी ठेवून अंगणात बसली. पाठ भिंतीला न टेकता. हाकलायचं तर मला बसलेली हाकला, पडलेली नाही, अशी.

सांज झाली. आतून धोंडाईनं हाक मारली, चूल विझत आली म्हणून.

सगुणा आत गेली. सरपण संपलं होतं, आणि ते आणायची पाळी तिचीच होती. ती मागच्या अंगाला जायला वळली, तेवढ्यात धोंडाईनं शेजारची अर्धी काठी उचलली आणि चुलीत सारली.

केरोबाचा हात पुढं गेला. "माई, ती तुमच्या गुरूंची..."

"बाभूळ आहे," धोंडाई म्हणाली. "वाळलेली."

तेलकट काळ्या लाकडानं झटकन पेट घेतला. मिठाचा अंश होता त्यात. ज्वाळ पिवळीधमक उठली. धोंडाई चेहरा उजेडाकडं करून बसली. भाकरी थापली, तव्याची कड चाचपली, परतली, निखाऱ्यावर फुगवली. आज तिनं चाचपणं लपवलं नाही.

पहिली भाकरी तिनं सगुणापुढं ठेवली.

सगुणा तशीच बसली.

"मी माफी मागणार नाही, माई."

"कुणी मागितली?" धोंडाई म्हणाली. "गरम आहे तवर खा."

सगुणानं भाकरी मोडली. शेवटी तिनं विचारायचं ते विचारलं.

"काठी तर गेली. उद्या माणसं येतील. ती आता कुणाचं ऐकतील?"

धोंडाईनं दुसरी भाकरी तव्यावर टाकली.

सकाळी माणसं आली. चांगला मोठा जमाव होता, बायाबापड्या, म्हाताऱ्या, एक नवं जोडपं, आणि सगळ्यांच्या पुढं एक पैलवान गडी, फेटा बांधलेला, मिशीला पीळ दिलेला. आल्याआल्या त्यानं काठी कुठंय म्हणून विचारलं. पाया पडायचं होतं त्याला.

सगुणा मोकळ्या हातांनी पुढं आली. म्हणाली, काठी नाही. फेरी आज वरच्या वाटेनं.

जमावात कुजबुज झाली. पैलवान हसला. म्हणाला, बाई, आम्ही टेकाडावरून बघत आलोय, खाली कसं पांढरंशुभ्र अंथरलंय, जणू आमच्यासाठीच. एवढी सरळ वाट सोडून या म्हाताऱ्यांना डोंगर का चढवता? आणि काठी नाही तर तुम्ही कोण, ते तरी कळू द्या.

कालची सगुणा असती तर तिनं सांगितलं असतं आपण कोण. वाट किती पाठ आहे ते सांगितलं असतं, वारा कसा कळतो ते सांगितलं असतं. आज ओठावर आलेलं सगळं तिनं गिळलं. नुसतं पैलवानाकडं बघितलं, त्याच्या फेट्यापासून त्याच्या पायांपर्यंत, आणि पाठ फिरवून चढाला लागली.

माणसं जागची हलेनात. तिच्या पाठीकडं बघत, मग झोपडीकडं बघत.

सगुणाला ते न बघताही कळत होतं. मागं पावलं वाजत नव्हती. ती चालत राहिली. थांबावं, वळून बघावं, एकदा तरी हाक मारावी, असं पाय म्हणत होते. मान नाही म्हणाली.

तेवढ्यात झोपडीचं दार वाजलं. धोंडाई बाहेर आली. डोक्यावरून पदर घट्ट ओढून घेतलेला, लुगडं वर खोचलेलं. चाचपडत केरोबापाशी आली आणि त्याच्या खांद्यावर थाप मारली.

"बस खाली."

केरोबा बसला. धोंडाईनं त्याच्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि पाठीवर चढली. लहान पोर चढतं तशी. केरोबा उठला. कुणी हसलं नाही.

"शेवटी राहा," तिनं त्याच्या कानात सांगितलं. "सगळ्यांच्या शेवटी."

मग माणसं हलली. आधी बाया, मग म्हाताऱ्या, मग सगळीच. एकामागं एक रांग लागली आणि डोंगराच्या तांबड्या कडेवर चढू लागली. उजव्या हाताला खाली लोणसर होतं, गुलाबी, आणि त्याच्या कडेला ते पांढरं, ज्याच्यावर एक एवढासा काळा ठिपका होता.

पहिल्या चढाला पैलवानाला दम लागला. तो रांगेतून मागं मागं पडत गेला, आणि शेवटी केरोबाच्या बरोबरीला आला. मिशी पुसली. वर केरोबाच्या पाठीवर बघितलं.

"आजी, काठीवाल्या तुम्हीच ना?" तो म्हणाला. "ही बाई कुठं नेते आम्हाला? वाट बरोबर आहे का ही? तुम्ही तरी सांगा."

दरीत आवाज घुमतो. रांगेच्या टोकाला सगुणानं ते ऐकलं. तिचं पाऊल क्षणभर अधांतरी राहिलं.

धोंडाईनं केरोबाच्या खांद्यावर हनुवटी टेकली.

"मला काय विचारतोस बाबा," ती म्हणाली. "मी तिच्या मागं आहे."